पानिओलोचं चऱ्हाट

हवाईला जाताना मी स्वेटर घेतला नव्हता. कावाइहाए बंदरापाशी रस्ता समुद्राकडे पाठ करून वर वळला तेव्हा गाडीबाहेर रणरणतं ऊन होतं, दोन्ही बाजूंना गोठलेला काळाकभिन्न लाव्हा होता आणि मागे निळा प्रशांत महासागर. वीसेक मिनिटांत लाव्हा संपला. गवत सुरू झालं. आधी पिवळं, मग हिरवं, मग इतकं हिरवं की बघूनच गारवा वाटावा. वाइमेआ गाव आलं तेव्हा समोरून आडवा, बारीक, सुईसारखा टोचणारा पाऊस येत होता आणि मी दोन्ही हात काखेत दाबून बसले होते. वाइमेआच्या या थंड वाऱ्यापावसाला हवाईच्या भाषेत स्वतःचं नाव आहे: किपुउपुउ. इथल्या योद्ध्यांची एक तुकडी हेच नाव लावायची.

कुंपणापलीकडे गुरं चरत होती. काळी, धष्टपुष्ट, शेकड्यांनी. त्यांच्यामधून एक स्वार घोड्याला दुडक्या चालीने नेत होता. अंगात पिवळा रेनकोट, आणि टोपीभोवती ताज्या फुलांचा हार. त्या हाराकडे मी कितीतरी वेळ बघत राहिले. समुद्रासाठी आले होते खरी, पण पुढचे चार दिवस मी समुद्राकडे फिरकले नाही.

घोड्यावर बसायला मी उशिरा शिकले, चाळिशी उलटल्यावर. कंबर तेव्हाच कुरकुरायला लागली होती आणि डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. पण घोड्याच्या पाठीवरून जमीन वेगळी कळते. चढ त्याच्या खांद्यांतून कळतो, ओल त्याच्या खुरांच्या आवाजातून. एखाद्या जागेचा इतिहास वाचायचा असेल तर मला अलीकडे तो तिथल्या घोड्याच्या पाठीवरून वाचावासा वाटतो. वाइमेआत मला घोडा मिळाला आणि एक आंटी मिळाल्या. हवाईत वडीलधाऱ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात, नात्याची असो वा नसो. ते म्हणायला माझी जीभ क्षणभरही अडखळली नाही. सत्तरीच्या, हडकुळ्या, पायांत जुने बूट. आजोबा, वडील, दोन भाऊ, सगळे गुराख्याचं काम केलेले. त्यांनी माझ्या घोड्याचा तंग स्वतःच्या हाताने पुन्हा आवळला, रिकिबी माझ्या मापाच्या केल्या आणि म्हणाल्या, "लगाम सैल धर. त्याला वाट माहीत आहे. तू फक्त बस."

आम्ही चढत होतो तो माउना केआचा उतार. हा ज्वालामुखी ४,२०७ मीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यावर हिवाळ्यात बर्फ पडतं. मधल्या उतारावर राखेच्या गोल टेकड्या आहेत, सगळ्या गवताने मढलेल्या. हे रान मुळात गुरांसाठी नव्हतंच. या बेटांवर मनुष्य येण्याआधी जमिनीवरचा सस्तन प्राणी एकच होता, एक वटवाघूळ. चरणारं तोंडच नसल्यामुळे इथल्या झाडाझुडपांनी स्वतःचं रक्षण करणं सोडून दिलं होतं. इथल्या रासबेरीला काटे जवळजवळ नाहीत. इथल्या पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतींना पुदिन्याचा उग्र वास नाही. कोणापासून लपायचं, कोणाला टोचायचं?

आणि मग १७९३ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकूवर जहाजातून गुरं घेऊन आला. कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश वसाहतीतली लांब शिंगांची गुरं, समुद्रप्रवासाने खंगलेली. राजा कामेहामेहाला त्याने ती भेट दिली, पुढच्या वर्षी आणखी आणून दिली, आणि दहा वर्षं यांना मारायचं नाही असा निर्बंध घालायची विनंती केली. राजाने कापू लावला. कापू म्हणजे धर्माज्ञेच्या वजनाची मनाई, मोडली तर देहान्त.

दहा वर्षांत काय झालं असेल ते सांगायला नको. गवत अमाप, शत्रू कोणी नाही, मारायची बंदी. खंगलेल्या गुरांचे कळप झाले आणि कळप रानटी झाले. ते लोकांची तारोची, म्हणजे अळूच्या कंदाची, शेतं तुडवत, गवताने शाकारलेल्या घरांची छपरं खात. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोना नावाच्या भागात, माणसांनी गुरांना बाहेर ठेवण्यासाठी दगडाची भिंत रचली. १८३० नंतरच्या दशकात राज्यपाल कुआकिनी याच्या अमदानीत ती वाढत वाढत सुमारे सहा मैल लांब झाली. आपल्याकडे कोंडवाडा असतो गुरांना कोंडायला. इथे भेट म्हणून आलेल्या गुरांमुळे माणसांनी स्वतःला कोंडून घेतलं.

रानटी बैल पकडायला उतारावर खड्डे खणत, वर फांद्या आणि गवत पसरत. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डग्लस, ज्याच्या नावाने डग्लस फर हे झाड ओळखलं जातं, तो जुलै १८३४ मध्ये अशाच एका खड्ड्यात मेलेला सापडला. खड्ड्यात एक जिवंत बैलही होता. डग्लस आपणहून पडला की त्याला कोणी पाडला याची कुजबुज आजवर थांबलेली नाही. आंटींनी हाताने उतारावरची दिशा दाखवली आणि विषय बदलला.

घोडे गुरांच्या दहा वर्षं मागून आले, १८०३ मध्ये, रिचर्ड क्लीव्हलँड नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याच्या जहाजातून. त्याने लिहून ठेवलेली एक गोष्ट मला फार आवडते. किनाऱ्यावर लोक घोडे बघून थक्क झाले, पण राजा कामेहामेहा काही भुलला नाही. माणूस स्वतः धावेल त्याहून लवकर कुठेतरी पोचवायचं, एवढ्यासाठी या जनावराला खाऊ घालायचं आणि सांभाळायचं हे परवडेल का, असा त्याचा सवाल होता. बेटं एकत्र करणारा, आयुष्यभर होड्यांच्या ताफ्यांचा हिशेब केलेला माणूस तो. त्याचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मात्र त्या रानटी गुरांनीच दिलं. पायी माणसाला ती आवरणारी नव्हती.

यात जॉन पामर पार्कर हे नाव येतं. मॅसॅच्युसेट्सचा हा खलाशी १८०९ मध्ये पहिल्यांदा इथे उतरला. पुढे परतला तो बंदूक घेऊन, आणि राजाच्या परवानगीने रानटी गुरांची शिकार करू लागला. खारवलेलं मांस, कातडी आणि चरबी थांबणाऱ्या जहाजांना विकायची. चंदनाची झाडं तोडून संपत आली तसा हाच बेटाचा मोठा धंदा झाला. त्याने राजघराण्यातल्या किपिकाने हिच्याशी लग्न केलं. १८४७ मध्ये त्याने दहा डॉलरला दोन एकर जमीन घेतली. पुढे तिच्या राजकुळामुळे आणखी ६४० एकर मिळाली. तिथून सुरू झालेलं पार्कर रँच, म्हणजे गुरं पाळायचं अफाट कुरण, एकेकाळी पाच लाख एकरांच्या घरात गेलं होतं. पार्करची गोष्ट सगळे सांगतात. इथल्या पाट्यांवर, माहितीपत्रकांवर तीच आहे. मला तिच्यापेक्षा तिच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांची ओढ जास्त वाटते.

ती माणसं १८३२ च्या सुमारास आली. तिसऱ्या कामेहामेहाने कॅलिफोर्नियातून काही वाकेरो बोलावून घेतले. वाकेरो म्हणजे मेक्सिकन गुराखी: घोड्यावर जन्म गेलेले, फास टाकण्यात तरबेज. ते आपली खोगिरं घेऊन आले, टाचेच्या आऱ्या घेऊन आले, कातड्याची चऱ्हाटं घेऊन आले, आणि गिटार घेऊन आले. त्यांनी हवाईच्या पोरांना घोडा वळवायला, फास फेकायला, कातडं वळायला शिकवलं. मग बहुतेक जण परत गेले. गिटारी मागे राहिल्या असं मानतात. हवाईच्या लोकांनी त्यांच्या तारा आपल्या गळ्याला मानवतील तशा सैल केल्या आणि त्यातून 'की होआलु' हे वेगळंच वादन जन्माला आलं.

त्या शिकवणाऱ्यांची नावं फारशी उरली नाहीत. त्यांनी स्वतःला 'एस्पान्योल', म्हणजे स्पॅनिश, म्हणवलं. हवाईच्या भाषेत 'स' नाही, आणि शब्दाच्या शेवटी व्यंजन थांबू शकत नाही. प्रत्येक शब्द स्वरावर टेकायला हवा. त्यामुळे एस्पान्योल चं झालं पानिओलो. आज हवाईत गुराख्याला पानिओलो म्हणतात. शाळेत आपण तत्सम आणि तद्भव शिकतो ते मला तिथे घोड्यावर आठवलं. हा अस्सल तद्भव आहे. शब्द किनाऱ्यावर उतरला, त्याचे टोकदार कोपरे इथल्या जिभांनी घासून गोल केले, आणि मग तो एका देशाच्या माणसाचं नाव न राहता एका कामाचं नाव झाला. इंग्रजी 'बीफ' चं तसंच 'पिपी' झालं, म्हणजे गुरं. खोगिराला मात्र त्यांनी स्वतःचे शब्द जोडले: नोहो लिओ, घोड्यावरची बैठक. कातड्याच्या चऱ्हाटाला काउला इली. काउला म्हणजे दोर, इली म्हणजे कातडी.

टेक्सासमधून गुरांचे मोठे तांडे उत्तरेकडे हाकायला सुरुवात झाली ती अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर. साऱ्या जगाला ठाऊक असलेला तो टोपीवाला काउबॉय त्यानंतरचा. तोवर पानिओलो तीसेक वर्षं या डोंगरावर फास टाकत होते. मी हे आंटींना म्हटलं तर त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना यात बढाई मारण्यासारखं काही वाटत नव्हतं. घरातलं थोरलं कोण हे घरातल्यांना ठाऊकच असतं.

दुसऱ्या दिवशी धुकं आलं. एका वळणावर ते असं अंगावर आलं की पुढच्या घोड्याचं शेपूट दिसेना. मी लगाम घट्ट धरला, घोडा जागच्या जागी अडला आणि मान झटकू लागला. आंटींचा आवाज आला, "सोड." मी सोडला. घोडा चालू लागला. त्या पंधरा मिनिटांत मला खुरांचा आवाज, ओल्या लोकरीसारखा घोड्याच्या मानेचा वास आणि कुठेतरी हंबरणारी एक गाय, एवढंच होतं. अशा धुक्यात, लाव्हाच्या धारदार दगडांवर, झाडीत, रानटी बैलामागे घोडा सोडायचा! माझ्या पोटात गोळा आला.

ते कसं करत हे आंटींनी धुकं विरल्यावर सांगितलं. फास पडला की बैलाला ओढत आणायचा नाही. त्याला झाडाला बांधायचा आणि रात्रभर तसाच सोडायचा. तो धडपडतो, दमतो, झाडाशी भांडून त्याची रग जिरते. सकाळी माणसाळलेला, अंगाने थोराड बैल घेऊन यायचं आणि रानटीला त्याच्या जोडीला बांधायचं. खाली गोठ्याची वाट जुन्या बैलाला ठाऊक असते. तो निघतो, नव्याला जावंच लागतं. आजही हवाईतल्या रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या खेळांच्या स्पर्धेत, पोओ वाइउ नावाचा खेळ असतो, त्यात जनावराला फास टाकून दुबेळक्याच्या खांबाशी बांधतात. आंटींचे आजोबा हे खेळ म्हणून करत नसत.

पण मला सगळ्यांत विलक्षण वाटलं ते समुद्राचं काम. माउना केआवर वाढलेली गुरं विकायची होनोलुलूला, म्हणजे दुसऱ्या बेटावर, आणि कावाइहाएला जहाज काठाला लागेल असा धक्का नव्हता. मग रात्री, थंडाव्यात, कळप डोंगरावरून खाली आणायचा. पहाटे पानिओलोने एका बैलावर फास टाकायचा आणि घोड्यावरूनच त्याला खेचत लाटांत शिरायचं. घोडा पोहतोय, स्वार पोहतोय, बैल पोहतोय. थोड्या अंतरावर वल्ह्यांची होडी उभी. तिच्या दोन्ही कडांना बैलांची डोकी पाण्याच्या वर राहतील अशी शिंगांनी बांधायची. दोन्ही बाजू भरल्या की वल्ही मारत होडी जहाजाकडे. तिथे बैलाच्या पोटाखालून पट्टा घालायचा आणि यारीने त्याला पाण्यातून वर, आकाशात, उचलून डेकवर ठेवायचा. मग परत काठावर. पुढचा बैल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. आंटींच्या वडिलांनी हे केलं होतं, आणि ते घरी आले की अंगातून मिठाचा आणि शेणाचा मिळून एक वास यायचा, तो त्यांना अजून आठवतो. सगळे घोडे यासाठी चालत नसत. पाण्याचे घोडे वेगळे असत, लाटेला न बिचकणारे, आणि त्यांना फार जपत. आजही इथली पुष्कळ वासरं पोसून मोठी व्हायला बोटीने अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जातात. आता ती कंटेनरमधून जातात एवढंच.

ऑगस्ट १९०८ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या शायेनला, फास टाकून बैल बांधायच्या स्पर्धेसाठी, तीन पानिओलो गेले. त्यांना पाठवणारा एबेन लो हा स्वतः गुराखी. त्याचा डावा हात दोरात सापडून गेला होता. हवाईचं राज्य उलथून पंधरा वर्षं झाली होती, अमेरिकेने बेटं ताब्यात घेऊन दहा. तिथल्या लोकांना टोपीवर फुलं घालणारे हे सावळे स्वार नवलाचे वाटले असणार. घोडेसुद्धा उसने घेतलेले. इकुआ पर्डीने ५६ सेकंदांत बैल पाडून बांधला आणि जागतिक अजिंक्यपद घेऊन आला. आर्ची काआउआ तिसरा आला, जॅक लो सहावा. पर्डी ते अजिंक्यपद राखायला पुन्हा कधी गेला नाही. माउई बेटावर उलुपालाकुआ रँचवर काम करत राहिला आणि १९४५ मध्ये वारला. वाइमेआत त्याचा पुतळा आहे. मी त्यात फक्त दोर पाहिला. कांशातसुद्धा तो ताणलेला वाटतो.

बायकांबद्दल लिहिलं नाही तर आंटी मला माफ करणार नाहीत. युरोपातल्या बायका जेव्हा घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला टाकून, पाठ पिळवटून बसत होत्या, तेव्हा हवाईच्या बायका सरळ पुरुषांसारख्या दोन्हीकडे पाय टाकून दौडत होत्या. वरून पाऊ नेसायच्या. पाऊ म्हणजे कित्येक वार लांब कापड, कंबरेला चुण्या घालून, पायांभोवती घेऊन नेसायचं. शिवण नाही, गाठ नाही, कुकुई नावाच्या झाडाच्या बिया खोचून ते पक्कं करायचं. मी नऊवारीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी ती कशी नेसतात हे ओढणीने करून दाखवायला लावलं. १८७३ मध्ये इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी इथे आली ती पाठीच्या जुन्या दुखण्यासह. एका बाजूला बसण्याने तिची पाठ मोडून यायची. हवाईच्या बायकांचं बघून ती सरळ बसू लागली आणि मग ज्वालामुखीपर्यंत घोडा घेऊन गेली. माझ्या कंबरेने तिला मनोमन नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी आम्ही खूप वर गेलो, गवत विरळ होतं तिथवर. तिथे मामाने नावाची झाडं होती, बुटकी, पिवळ्या फुलांची, एकमेकांपासून लांब लांब. आंटी उतरल्या, घोड्याला मोकळं सोडलं आणि म्हणाल्या, "हे सगळं रान होतं." मी खालच्या त्या हिरव्या, सुंदर उताराकडे पाहिलं. तीन दिवस मी ज्याला सौंदर्य म्हणत होते ते एका जंगलाच्या जागी उगवलेलं गवत होतं, आणि त्यातलं पुष्कळ गवतही बाहेरून आणलेलं. गुरांनी, मेंढ्यांनी, बकऱ्यांनी कोवळी रोपं उगवू दिली नाहीत. जुनी झाडं म्हातारी होऊन पडली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मामानेच्या हिरव्या शेंगांवर पालिला नावाचा पिवळ्या डोक्याचा पक्षी जगतो आणि तो माउना केआ सोडून आता जगात कुठेच नाही. १९७९ मध्ये त्या पक्ष्याच्या नावाने सरकारवर खटला चालला, पालिला विरुद्ध हवाई राज्य. पक्षी जिंकला, त्याच्या रानातून मेंढ्या आणि बकऱ्या काढायचा हुकूम झाला. तरी तो अजून नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच आहे. मला तो दिसला नाही.

मला पानिओलोंबद्दल वाटणारं प्रेम त्या दिवसाने कमी झालं नाही, पण त्याला एक ठणका लागला. संकट त्यांनी आणलं नव्हतं. ते एका कॅप्टनने आणलं, एका राजाने पाळलं, आणि त्यांच्या वाट्याला ते आवरणं आलं. आवरता आवरता त्यात त्यांनी इतकं कसब ओतलं की ते त्यांचं झालं. बाहेरची वस्तू केवळ वर्षं लोटली म्हणून कुणाची होत नाही. ती हाताळणाऱ्यांच्या तळहातांची साल गेली की मग होते. इथली जमीन मात्र या व्यवहारात कोणी विचारात घेतली नाही, आणि त्याचा हिशेब अजून चुकता व्हायचा आहे. पार्कर रँचचे शेवटचे वारस रिचर्ड स्मार्ट १९९२ मध्ये गेले तेव्हा रँच एका विश्वस्त निधीकडे गेलं. आज सुमारे १,३०,००० एकर आहेत आणि उत्पन्नातून वाइमेआतल्या रुग्णालयाला, शाळांना आधार मिळतो. सगळंच्या सगळं तुकडे पाडून विकलं गेलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. त्या उतारावर घरं आली तर मामानेची झाडं परत लावायचा प्रश्नच संपला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आंटींनी मला घरी बोलावलं. घोड्यांच्या सामानाच्या खोलीत भिंतीवर, उंदरांना पोचणार नाही इतक्या उंचीवर, आजोबांचं चऱ्हाट वेटोळं करून टांगलेलं होतं. काउला इली. एका अख्ख्या कातड्यातून, कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल कापत नेलेल्या वाद्या, न कमावलेल्या, आणि मग चार पेडांची वेणी. जोड दिसत नाही. आंटींनी माझे हात पुसायला लावले, चरबीचा डबा उघडला आणि दोराचं एक टोक मला दिलं. वर्षातून दोनदा ते सगळं चोळून काढावं लागतं, नाहीतर तडकतं.

आम्ही समोरासमोर स्टुलांवर बसलो. दोर त्यांच्या हातातून माझ्या हातात येत होता. मध्ये एका जागी पेड वेगळ्या रंगाचा लागला, जरा फिकट.

"हा?" मी विचारलं.

"तुटला होता. वडिलांनी बदलला." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पुढे आणखी एक आहे. तो माझा."

मी चोळत राहिले. बाहेर किपुउपुउ पत्र्यावर वाजत होता. बराच वेळ गेल्यावर तो दुसरा फिकट पेड माझ्या बोटांखाली आला, आणि त्याच्यापुढे अजून वाव-दीड वाव दोर उरला होता.